दहावा माणूस

मास्तर खरे तर नाशिक रोडच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. आम्हा यहुदी मुलांना तेराव्या वाढदिवसाच्या विधीसाठी ते संध्याकाळी हिब्रू वाचायला शिकवायचे. एका वेळी एकच मुलगा. "दोन असले की एकमेकांमागे लपतात," म्हणायचे. चुकलं की पहिल्यापासून, हा त्यांचा नियम. ते रागवायचे नाहीत, नुसती पट्टी उचलून पहिल्या ओळीवर ठेवायचे.

मी त्यांच्याकडे शिकत होतो त्या वर्षी त्यांची बायको वारली. गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि गावात आमचे नऊच होते.

बाबा त्यांना म्हणाले, "मास्तर, याला तेरा पुरी व्हायला महिनाच उरलाय. आजच धरा दहावा."

"बारा वर्षं अकरा महिने म्हणजे तेरा नव्हेत," मास्तर म्हणाले आणि मला पुढची ओळ वाचायला लावली.

विधीच्या दिवशी मी एकदाही चुकलो नाही. त्यानंतर मास्तर बायकोसाठी प्रार्थना म्हणायला उभे राहिले. अर्ध्यावर आवाज अडखळला आणि एक शब्द राहून गेला. माझ्याशिवाय ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मास्तर थांबले. त्यांनी पट्टी उचलून पहिल्या ओळीवर ठेवली.