मांजराच्या पोटात नक्की काय आहे?

गुरांच्या दवाखान्यात किस्से शोधत बसावं लागत नाही. काही आपल्या पायांनी चालत येतात, काही बाजाराच्या पिशवीत बसून येतात. मी ढोकीजवळच्या एका गावात सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर आहे. शिकले सगळ्या प्राण्यांचं, पण काम पडतं म्हशींचं, बैलांचं, शेळ्यांचं. मांजर आलं की मी, आमचे परिचर बाबूमामा आणि ते मांजर, तिघंही गोंधळतो. त्यातून त्यानं घरातली एखादी वस्तू गिळलेली असली की विचारूच नका! आमच्याकडं एक्स-रेचं मशीन नाही. म्हणजे पोटात काय आहे ते घरचे सांगतील तेच खरं, आणि घरच्यांचं आपसांत कधीच जुळत नाही. इकडं जीव जायचा असतो मांजराचा.

*

माझ्या नोकरीतलं पहिलं मांजर आलं ते केसांचं रबर गिळून. बाबूमामांची तीस वर्षं नोकरी झालेली, आणि त्यांचा एक नियम: जनावर खोड्यात घातल्याशिवाय डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही. खोडा म्हणजे म्हैस हलू नये म्हणून अंगणात रोवलेला लोखंडी पाइपांचा पिंजरा.

मामांनी मांजर दोन्ही हातांनी उचललं, खोड्यात ठेवलं आणि मागचा आडवा पाइप नीट सरकवला. मांजर पाइपाखालून बाहेर आलं. मामांनी परत ठेवलं, या वेळी पुढचाही पाइप लावला. मांजर बाजूनं बाहेर आलं. तिसऱ्यांदाही तेच. मी मुकाट्यानं बघत होते, कारण नोकरीला आठच दिवस झाले होते आणि मला वाटलं, यात मामांची काही युक्ती असेल.

मामा घाम पुसत माझ्याकडं आले. म्हणाले, "मॅडम, खोडा लई सैल झालाय. वर कळवाय पाहिजे."

*

वाकळ शिवणाऱ्या एक मावशी आहेत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या त्या अशा शिवतात की लोक तेरहून शिवायला देतात. त्यांच्या मांजरानं दोऱ्यासकट सुई तोंडात घेतली. मावशी त्याला घेऊन धावत आल्या. तोंडातून दोऱ्याचं टोक लोंबत होतं आणि मावशी ते टोक हळूहळू ओढत होत्या.

मी अशी ओरडले की बाहेरची म्हैस बिथरली. मांजरानं दोरा गिळला तर तो ओढायचा नसतो, ना पुढून ना मागून. आत अडकलेला दोरा ताणला की आतडं कापतं. उलटी करवायची नाही, दूध पाजायचं नाही, तसंच उचलून आणायचं. एवढं सगळं मी एका दमात सांगितलं. मावशी म्हणाल्या, उसवायचं म्हटल्यावर दोरा ओढावाच लागतो की.

नशीब चांगलं. सुई घशातच रुतलेली दिसत होती. मांजराला भूल दिली, मामांनी टॉर्च धरली आणि मी चिमट्यानं सुई काढली. मावशींनी मांजराच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले, मग सुई नळाखाली धुऊन पदराला टोचली.

"टाकायची कशी मॅडम," त्या म्हणाल्या. "निम्मी वाकळ हिच्यानंच झालीया."

*

गाई-म्हशीच्या पोटात खिळा गेला तर आम्ही लोहचुंबक गिळायला देतो. लोखंड त्याला चिकटून राहतं आणि काळजापर्यंत जात नाही. हे कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका गड्यानं कुठंतरी ऐकलं होतं. तो आला तेव्हा त्याच्या मांजराच्या पोटाला जुन्या स्पीकरचा गोल चुंबक फडक्यानं बांधलेला. त्या वजनानं मांजर एका अंगावर कलंडलेलं.

मी आधी चुंबक सोडला, मग विचारलं, काय गिळलंय? तर म्हणाला, नळाचं वायसर. रबराचं.

मी म्हटलं, अहो, रबराला चुंबक काय करणार? त्यानं चुंबक हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि तो म्हणाला, "पण लोखंडाचं असतं तर आलं असतं का न्हाय?"

वायसर मांजरानं घरी जाऊन आपलं आपण ओकून टाकलं. गुण मात्र गावात अजून चुंबकालाच देतात.

*

एकाच्या मांजरानं मोबाइलचं सिम गिळलं. मी सांगितलं, एवढंसं आहे, बहुतेक बाहेर पडेल. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा, ओकारी आली किंवा खाणं सुटलं तर तसेच निघून या. नवरा-बायकोला पटलं. नवऱ्याचा भाऊ मात्र कोपऱ्यात उभा राहून आपल्या फोनवरून त्या गिळलेल्या सिमचा नंबर सारखा लावत होता. मग तो गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडं आला.

"कव्हरेजच्या बाहेर सांगायलंय मॅडम. म्हंजी लई खाली गेलंय का?"

*

आणि सरूबाईंची फुली.

सरूबाईंच्या घरात नवी सून येऊन महिनाही झाला नव्हता. सरूबाईंनी अंघोळीला जाताना नाकातली सोन्याची फुली काढून लोण्याच्या वाटीशेजारी ठेवली आणि सुनेला लक्ष ठेवायला सांगितलं. परत येईपर्यंत वाटीही चाटून साफ आणि फुलीही गायब. सून म्हणाली, मांजरानं गिळली. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. नणंदेनं नको ते बोलून घेतलं, आणि सुनेच्या वडिलांना सोनारीला बोलावणं गेलं.

सासू-सून दोघी मांजर घेऊन आल्या. सासू बाहेर बसल्या होत्या तेवढ्यात सून मला हळूच म्हणाली, "फुली आत न्हाय निघाली तर मला माघारी धाडतील." वस्तू मांजराच्या पोटातच असू दे म्हणून देवाला हात जोडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्यांना एक्स-रेसाठी धाराशिवला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी फिल्म आणि मांजर घेऊन सगळेच आले. सासू, सून, नणंद, आणि टोपी हातात धरून उभे असलेले सुनेचे वडील. मी फिल्म खिडकीशी धरली. कणा दिसला, बरगड्या दिसल्या, मांडीची हाडं दिसली. सोनं असतं तर पांढरंशुभ्र दिसलं असतं. मी फिल्म उलटी करून पाहिली. काहीच नव्हतं. आधीच बाहेर पडून गेली असेल, असं म्हणता आलं असतं, पण त्यावर नणंदेनं विश्वास ठेवला नसता, आणि खरं सांगायचं तर माझाही कुठं होता? सून फिल्मकडं बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. मला फार वाईट वाटत होतं.

मी बोलणार, एवढ्यात सरूबाई उठल्या. माझ्या हातातून फिल्म घेतली, दारात गेल्या आणि उन्हाकडं धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही काय," त्या म्हणाल्या. "हाय की."

त्यांचं बोट मांजराच्या खुब्याच्या हाडावर होतं.

नणंद बघायला पुढं आली, तर त्यांनी फिल्मची गुंडाळी करून काखेत मारली. मी म्हटलं, मावशी, ते तर हाड—

"मॅडम, तुमी जनावराच्या डॉक्टर," सरूबाई म्हणाल्या. "फुली माझी हाय. मला वळखू येत न्हाय व्हय?"

मग सुनेकडं वळून म्हणाल्या, मांजर घे, एस्टी जाईल.