क्लचचं कातडं

सरकारांच्या मोटारीचं इंजिन फुटलं, तेव्हा माझे वडील त्यांचे मोटारवाले होते. सरकार म्हणजे कोल्हापुरातलेच एक जहागीरदार. महाराजांच्या राज्यात तेव्हा गावात मोटारी मोजक्याच होत्या. वडील आधी त्यांच्याच पागेत घोडागाडी हाकायचे. मोटार आली आणि त्यांनी चाबूक खुंटीला लावला तो कायमचाच, असं आम्हाला वाटत होतं.

कुठेतरी उलटलेल्या एका नव्या मोटारीचं इंजिन सरकारांनी आणवलं आणि वडिलांना सांगितलं, "दसऱ्यानंतर पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्यावर जायचंय. गाडी चढली तर ठेवू. नाहीतर विकून टाकू, आणि तू आपला पुन्हा घोड्यांकडे." वडील "जी" म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकत होते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पण इंजिनाबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, त्यामुळे शाळा सुटली की मी पागेमागच्या शेडमध्ये जाऊन ते वडिलांना मराठीत सांगायची. तिथे एका कोपऱ्यात चाचा बसलेले असत. पागेतली सगळी खोगीरं आणि लगाम त्यांच्या हातचे. वडीलही त्यांना चाचाच म्हणत.

"या मडम," ते मान वर न करता म्हणायचे. "आज काय म्हणतंय तुमचं इंजान?"

इंजिन नवं, गिअरबॉक्स जुना. दोन्हींचे दांडे एका रेषेत यावेत म्हणून वडील इंजिनाखाली सागाच्या फळ्या घालत, काढत, रंधा मारून पुन्हा घालत. ते एकदाचं जमलं, तर क्लचपाशी घोडं अडलं. जुना क्लच म्हणजे शंकूसारखं एक चाक. त्याच्यावर कातड्याचा पट्टा. ते इंजिनाच्या जड चाकाच्या पोकळीत घट्ट रुतलं, की इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला मिळायची. नव्या इंजिनाची पोकळी मोठी निघाली. वडिलांनी शंकूवर लेथवरून लोखंडी कडं चढवून आणलं, आणि कातडं चाचांवर सोपवलं.

पुस्तकात कातडं मऊ ठेवा, एवढंच होतं. चाचा तीन दिवस त्याच्यावर राबले. तेल पाजलं, मेण चोळलं, मग गुळगुळीत दगडानं घोटून घोटून असं चकाकवलं की मला त्यात खिडकी दिसली. "घोड्याच्या पाठीला ओरखडा उठला, तर खोगीर कुणाचं म्हणून इचारत्यात," ते म्हणाले. "हात लावून बघ."

मी हात लावला. खरंच सुंदर होतं ते.

सगळं जोडून वडिलांनी हँडल मारलं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. त्यांनी गिअर टाकला, क्लचवरचा पाय उचलला. इंजिन गर्जत राहिलं आणि गाडी जागची हलली नाही.

दोन दिवस वडील फळ्या तपासत होते, गिअरबॉक्स उघडत होते. कातड्याकडे कुणी बघितलंच नाही. ते चाचांनी केलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील कपाळाला हात लावून म्हणाले, "चाचा, चाबूक काढून ठेवा माझा," आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेले.

गाडीचं काय बिघडलंय ते मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोलायचं कसं, ते कळत नव्हतं. शेवटी मी पायातली एक चप्पल काढली आणि तळ वर करून चाचांच्या पुढ्यात ठेवली. चप्पल त्यांनीच मला दिली होती. दर वर्षी देत.

त्यांनी तळावरून अंगठा फिरवला. "हे कुणी घासलं?"

"मी. दगडावर."

"माझ्या हातची चप्पल दगडावर घासतीस व्हय?"

"शाळेत फरशी आहे. पाय घसरतो. मुली हसतात."

मग त्यांनी एकदा चपलेकडे, एकदा मोटारीकडे बघितलं. "घोड्याची पाठ न्हवं ती," ते स्वतःशीच म्हणाले. "तितं धरायला पायजे, मी सोडायचं काम केलंय." आणि एकदम ओरडून मला म्हणाले, "आधी सांगायला काय धाड भरलीती गं?"

वडील आले तेव्हा चाचा शंकू सोडवायला बसलेच होते. "पट्टा उलटा लावू या की. खरबरीत बाजू भाईर," ते म्हणाले. "मेणबिण काय न्हाय." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला तेच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी गाडीनं असा झटका मारला की गाडीच्या पायरीवर बसलेले चाचा खाली आले. वडील हसले, कितीतरी दिवसांनी. पन्हाळ्याचा चढ ती पाहुण्यांसकट चढली आणि चाबूक खुंटीवरच राहिला.

पुढच्या वर्षी चाचांनी नवी चप्पल दिली. वरून नेहमीसारखी चकाकणारी. मी घरी येऊन तळ बघितला. त्याच्यावर कानस मारलेली होती, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, अगदी एकसारखी.