काळा पडदा आणि बेलाचं पान

माझं दुकान गंगेकाठच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत, जानवी, कुंकू, कापूर यांचं. अबीर जसा न सांडताही सगळ्या फळ्यांवर जाऊन बसतो, तसे किस्से माझ्याकडे येऊन बसतात. मी झाडत नाही. सातवीत शाळा सुटली, डोक्यात जागा भरपूर शिल्लक! त्या किश्शांतले बरेचसे समोरच्या खोलीतले.

मोबाईल अजून कोणाच्या खिशात नव्हता, तेव्हा त्या खोलीत दोन पोरं एक कॉम्प्युटर घेऊन बसली. एक अनंत, खोलीचे मालक दाजीगुरुजी यांचा पुतण्या. दुसरा त्याचा मित्र विनायक, विश्वविद्यालयात शिकणारा. मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घालून त्यांनी त्यावर लिनक्स चढवलं, म्हणजे यंत्र चालवणारी व्यवस्था. त्याची खुबी म्हणे अशी, की आतली सगळी विद्या उघडी. ज्याला जे हवं ते त्यानं बदलून घ्यावं. इथंच भांडण लागलं. अनंताला ते नटलेलं हवं, विनायकाला नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं.

दाजींनी मात्र एकच बजावलं होतं. दिवाळीपर्यंत यंत्र आपल्या भिक्षुकीच्या कामी आलं तर ठीक, नाहीतर खोली यात्रेकरूंना उतरायला द्यायची. अनंताला नोकरी नव्हती, आणि बसायला दुसरी जागाही नव्हती.

*

अनंतानं पडद्यावर घाटाचा फोटो लावला, घंटा वाजवली, खिडक्या काचेसारख्या केल्या. फक्त हे सगळं उघडायला फार वेळ लागायचा. आमच्याकडे बिजली कधी जाईल याचा नेम नाही. मध्येच गेली की परत आल्यावर यंत्र आधी स्वतःचंच पोट तपासत बसायचं, मग घाट, मग घंटा, आणि खिडकी उघडतेय तोवर पुन्हा बत्ती गुल.

सोलापूरचे एक यजमान नातवाची पत्रिका यंत्रावर करून घ्यायला आले होते. ते बसले, चहा झाला, पान झालं. शेवटी मला म्हणाले, "घाट छान आहे हो, पण तो मी येतानाच बघितला."

*

मग अनंतानं पडद्यावर दोन डोळे आणले. माउस जाईल तिकडे बुबुळं फिरायची. काम काय? काही नाही.

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एक बाई मुलीची पत्रिका घेऊन आल्या. मी हळूच सांगितलं, "वहिनी, सांभाळून बोला. खोटं सांगितलं की ते बघतात." अनंतानं नेमका माउस हलवला. बाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "तारीख बरोबर आहे, साल जरा मागचं लिही."

*

विनायकाला हसू आलं, पण त्याची तऱ्हा वेगळी नव्हती. त्यानं मुहूर्त काढायची व्यवस्था काळ्या पडद्यावर केली. झटपट चालायची, बिजली गेली-आली तरी लगेच उभी. पण उत्तर एका शब्दात. एका बापानं विचारलं, लेकीच्या लग्नाला हा महिना चालेल का? पडद्यावर आलं, "नाही". पुढे ना मागे काही. बिचारा पायरीवर बसून राहिला. दाजी असते तर चार ग्रहांची चौकशी करून, गुळाचा खडा देऊन मग तिथं पोचले असते.

मी विनायकाला म्हटलं, "अरे, यमसुद्धा रेड्याच्या गळ्यात घंटा बांधून येतो."

*

श्रावणात अनंतानं माउसच्या बाणाचं बेलाचं पान केलं. दिसायचं झकास. पण मागच्या फोटोत घाटावर पूजेचा पाला पडलेला, त्यात ते पान असं मिसळलं की सापडेना. दोघं पडद्याला नाक लावून शोधत होते. मी गल्लीतूनच ओरडलो, "बकरी खाऊन गेली असेल!"

अनंतानं खरंच मागे वळून बघितलं.

*

दिवाळी तोंडावर आली. द्वादशीच्या सकाळी दाजी गंगेवरून सरळ खोलीत आले. अंगावर सोवळं, काखेत समिधांची जुडी, हातात गंधाची वाटी. एकादशीचा उपास सोडायला द्वादशी किती वाजेपर्यंत आहे, ते त्यांनी पंचांगात बघून ठेवलं होतं. आता यंत्र काय म्हणतं ते हवं होतं, आणि तेही स्वतः विचारून. "तुम्ही काढून दिलंत तर ते तुमचं काम झालं," म्हणाले.

अनंतानं सगळा थाट उघडला. घाट, घंटा, काचेच्या खिडक्या. "काका, फक्त हा माउस हलवायचा."

दाजींनी माउसकडे बघितलं. गावभराचे हात लागलेले त्याला. सोवळ्यात ते आपल्या नातवालाही शिवत नाहीत. हात पुढे आला नाही. अनंताचा चेहरा असा उतरला, की मलासुद्धा थट्टा सुचेना.

विनायकानं काळा पडदा लावला आणि कोणती बटणं दाबायची ते सांगितलं. दाजींनी जुडीतून एक समिधा काढली. तिच्या टोकानं एकेक अक्षर दाबत गेले. पडद्यावर वेळ उमटली. पंचांगाशी जुळली.

दाजींनी त्या काळ्या पडद्याकडे बघितलं. "खोली राहू दे," म्हणाले. "पण हे मोकळं कपाळ बघवत नाही."

वाटीत बोट बुडवून त्यांनी पडद्याच्या काचेवर मधोमध गंध लावलं, आणि पुन्हा आंघोळीला घाटाच्या पायऱ्या उतरू लागले.

अनंतानं काच पुसायला फडकं उचललं. विनायकानं त्याचा हात धरला.