लिफ्टमास्तरांच्या पोटातली वस्ती

हॉस्पिटलच्या तळघरात लिफ्ट दुरुस्तीची खोली आणि जंतूंची लॅब भिंतीला भिंत लागून होती. त्या शेजारामुळेच लिफ्टमास्तर दाते झाले. रक्ताचे नव्हे. शौचाचे. नाक मुरडू नका, त्यावर माणसं वाचतात. भारी औषधांचा मारा झाला की काही रोग्यांच्या आतड्यातले चांगले जंतूही वाईटांबरोबर धुतले जातात. मोकळ्या झालेल्या जागेत एखादा चिवट जंतू ठाण मांडतो आणि जुलाब काही केल्या थांबत नाहीत. मग धडधाकट माणसाचं शौच गाळून, त्यातली वस्ती रोग्याच्या आतड्यात नेऊन बसवतात. असा माणूस मिळणं मात्र कठीण. लॅबच्या डॉक्टरीणबाईंच्या तपासण्यांत भले भले पैलवान नापास झाले आणि मास्तर पास.

"आमचं फुकट जातं, यांचं फ्रीजरमध्ये जातं!" वॉर्डबॉय चिडवायचे. मास्तरांची बायको तर हे ऐकून हसता हसता खालीच बसली होती.

थंडीत ती गेली. सकाळी गाजरं चिरत होती, दुपारी नव्हती. मास्तर रडले नाहीत. नातेवाईक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, आत काही पोचतच नव्हतं. आठवडाभराने ते कामावर आले. कोणी विचारलं तर "घरी काम होतं" म्हणाले. दाढी रोज, डबा बंद. सकाळी पाव आणि गोड चहा, दुपारी तेच, रात्री बिस्किटं. दुःखाने अन्न सोडलं होतं असंही नाही. पाव हाताशी असायचा आणि भांडी घासावी लागत नसत, एवढंच.

नमुना देताना लॅबमधली ताई ठरलेले प्रश्न विचारायची. ताप? औषध? खाण्यात काही बदल?

"नाही," मास्तर म्हणायचे. खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नसे. आधी खात होते, आताही खात होते.

एक दिवस डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं.

"काका, घरी काय चाललंय? तुमच्या जंतूंचे कितीतरी प्रकार नाहीसे झालेत. हे नमुने आता कोणाला देता यायचे नाहीत."

"पोट तर बरं आहे माझं."

"तुमचं असेल. पण भाज्या, डाळी, फळं यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचं जेवण. त्यावर जगून ते आतडं सांभाळतात. पाव, साखर असलं काही खाल्लं तर ते वरच्या वरच संपतं. उपाशी आहेत हो ते. काकू लक्ष देत नाहीत वाटतं?"

"ती गेली," मास्तर म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरचं बटण गेलं, हे सांगावं त्याच आवाजात.

बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, वरच्या वॉर्डात एक शिवणकाम करणारी बाई आहे, जुलाबांनी तिचं पार चिपाड झालंय. दुसरा दाता दाढेसाठी जंतू मारणारी औषधं घेतोय, म्हणजे तो बाद. फ्रीजरमध्ये मास्तरांची थंडीआधीची एकच पिशवी उरली आहे, ती आज वापरायची.

"बघू?" मास्तरांनी विचारलं. अशी मागणी आजवर कोणी केली नव्हती.

ताईने फ्रीजर उघडला. गार धुक्याच्या आड मातकट रंगाची, बर्फ झालेली चपटी पिशवी. मास्तर बघत राहिले. बायकोचे कपडे तिच्या नणंदेने वाटून टाकले होते, तिने भरलेले डबे पाहुण्यांनी संपवले होते. तिने निवडलं, शिजवलं, "अजून एक पळी घ्या" म्हणून ताटात ढकललं, त्यातलं आता जगात एवढंच शिल्लक होतं.

"ही ठेवता नाही का येणार?"

"ठेवता येईल," बाई म्हणाल्या, "पण कायमची नाही टिकत. आणि वर ती बाई आहे."

मास्तरांनी वाकून पिशवी पुन्हा एकदा बघून घेतली. डोळे कोरडेच होते.

"द्या," ते म्हणाले आणि हत्यारांची पेटी उचलून कामाला गेले.

शिवणवाली उठली. आधी पलंगावर बसली, मग व्हरांड्यात फिरू लागली आणि एका दुपारी मुलाच्या हाताला धरून घरी निघाली. मास्तर लिफ्टमध्ये उभे राहून दाराला तेल देत होते. त्यांना ती ओळखत नव्हती. दाता कोण, हे रोग्याला सांगत नाहीत.

"घरी गेल्या गेल्या पालेभाजी कर," ती मुलाला बजावत होती. "आणि घेवडा. भरपूर. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आतल्यांना जगवायचं तर पोटभर चोथा खा म्हणून."

"सांगितलंस चार वेळा," मुलगा म्हणाला.

दोघं आत आली आणि लिफ्ट खाली निघाली. बाईने मास्तरांच्या बसलेल्या गालांकडे, सैल झालेल्या पट्ट्याकडे पाहिलं. वयाने बरोबरीचीच असेल.

"तुम्ही जेवलात का हो?" तिने सहज विचारलं.

तळमजला आला. दार उघडलं. बाहेर माणसं आत शिरायला थांबली होती.

"नाही," मास्तर म्हणाले. आणि त्यांना लिफ्टबाहेर पडताच येईना. हातात तेलाची बुदली तशीच धरून, सगळ्यांच्या देखत, ते लहान पोरासारखे ओक्साबोक्शी रडू लागले.