व्हॅन, हंप आणि कोरडी वाटी

रविवार, ८ फेब्रुवारी. आकाश निरभ्र. सकाळी शाल लागावी इतका गारवा, दहानंतर ऊन चढलं.

आज व्हॅन धुतली. ड्रायव्हरच्या सीटखालून तूरडाळीचे चार दाणे निघाले आणि आम्ही तिघंही बादल्या खाली ठेवून हसत बसलो. किस्से हे असेच साठतात. वस्तू बनवायला जावं तर कधी ती टिकते, कधी मोडते, किस्सा मात्र हमखास उरतो. आमच्या व्हॅनमध्ये सामानाला जागा पुरत नाही, किश्श्यांना पुरते.

मंडळी तीनच. व्हॅन गुरूअण्णांची. त्यांचे पूर्वज कधीकाळी साताऱ्याकडून इकडे कानडी मुलखात आले. घरात अजून मराठी, पण कानडी 'स्वल्प' (थोडं) आणि 'सरी' (बरं) घातल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. दुसरा नितीन, नागपूरचा, बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत. तो परदेशी लोकांचे कॅम्पिंगचे व्हिडिओ बघतो आणि शनिवारी सकाळी नवी आयडिया घेऊन उगवतो. तिसरी मी, शिलाई मशीन आणि टेपवाली. पूर्वी शाळेची मुलं नेणारी ही जुनी गाडी गुरूअण्णांच्या बसवनगुडीच्या गल्लीत रोज उभी करता येत नाही, म्हणून ती जे. पी. नगरला आमच्या सोसायटीत असते.

आणि गाडीत राहण्या-खाण्याची सोय करण्याचा हा सगळा खटाटोप कुणासाठी, तर अक्कासाठी. अक्का म्हणजे गुरूअण्णांची थोरली बहीण. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी मुलींची सहल घेऊन नदीवर जायची, कावेरीचं वळण दाखवायला. पुढे गुडघे गेले. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या हॉलमध्ये लिफ्ट बंद पडली, तेव्हा दोन भाच्यांनी तिला खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. माणसं बाजूला सरकून बघत राहिली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आज मला सामानासारखं उतरवलं." त्यानंतर ती फाटकाबाहेर पडली नाही.

गुरूअण्णांनी व्हॅन घेतली तेव्हा तिने अट घातली होती. नदीवर येईन, पण चढणार माझी मी, उतरणार माझी मी. कुणी हात लावायचा नाही.

* * *

पहिली वस्तू म्हणजे नितीनचं स्वयंपाकघर. त्याने घरचा जुना ड्रॉवरचा स्टँड आणला, वर शेगडी बसवली, खाली डाळ-तांदूळ, डबे, मसाले. गाडीच्या पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही हा आमचा नियम. आरटीओच्या तपासणीला जाताना सगळं उचकटून गाडी पुन्हा शाळेची दिसली पाहिजे. म्हणून मी जाड पट्टे शिवले आणि स्टँड सीटच्या पायांना बांधून टाकला.

स्टँड जागचा हलला नाही. पण आमच्या रस्त्यावरच्या पहिल्याच हंपला, म्हणजे गतिरोधकाला, तिन्ही ड्रॉवर एकदम उघडले आणि दोन किलो तूरडाळ गुरूअण्णांच्या मांडीवर आली. नितीनचं म्हणणं, व्हिडिओत असं काही झालं नव्हतं. गुरूअण्णा डाळ झटकत म्हणाले, "त्यांच्याकडे हंप कुठे आहेत रे?"

त्या दिवसापासून कायदा झाला. नवी वस्तू बसवली की तिच्यावर स्टीलच्या वाटीत फिल्टर कॉफीचा पेला ठेवायचा, बोटभर कमी भरलेला, आणि गल्लीतल्या सगळ्या हंपांवरून गाडी न्यायची. परत आल्यावर पेला उचलून वाटी बघायची. वाटी कोरडी तर वस्तू पास. ओली, तर बनवणाऱ्याने व्हॅन धुवायची.

पहिले तीन महिने व्हॅन नितीननेच धुतली. सोसायटीत सगळ्यात चकचकीत गाडी आमचीच होती.

* * *

पलंगाच्या वेळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. पार्किंगमध्ये कुणीतरी राहतंय अशी तक्रार गेली होती. मी त्यांना समजावलं की राहत नाही, फक्त माप घेण्यापुरतं झोपतो. त्यांना पटलं नाही. आत येऊन सगळं बघेन म्हणाले.

पलंग मी मनापासून केला होता. दोन सीट पाडून वर फळ्या, फळ्यांवर मी शिवलेली कापसाची गादी, खिडक्यांना जाळ्या. सेक्रेटरींनी गादी दाबून पाहिली, मग बसून पाहिली, मग पाय वर घेतले. नितीन हळूच पंखा लावून आला.

दीड तासाने ते उठले. तक्रारीचं काय, असं मी विचारलं.

"आधी मला या गादीची लांबी-रुंदी लिहून द्या," ते म्हणाले.

* * *

नितीनचा सोलर शॉवर हा त्याचा अभिमान. कॅरिअरवर काळा रंग दिलेला जाड पाइप, दोन्ही टोकांना झाकण, एका टोकाला नळ. दिवसभर उन्हात पाणी तापणार आणि मुक्कामाला गेलं की आंघोळ.

पहिल्या सहलीत आम्ही पहाटे निघालो आणि झाडांच्या सावलीतून मजेत पोचलो. पाणी थंडगार. त्या पाण्याने आंघोळ केली ती एकट्या नितीनने, तीही अभिमानापोटी.

परतताना तो ऑफिसात लॅपटॉप घ्यायला जायचं म्हणाला, म्हणून बेळ्ळंदूरकडून आलो. रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या चालीने. डोक्यावर ऊन. सिग्नलपाशी कंटाळून त्याने खिडकीतून हात वर घालून नळ सोडला आणि ओरडलाच, "काकू, पाणी कडक तापून राहिलं ना बाप्पा!"

तेव्हापासून ज्याला गरम पाण्याची आंघोळ हवी त्याने बेळ्ळंदूरच्या सिग्नलला करावी, असं आमच्यात ठरलेलं आहे. वाटी मात्र कोरडी होती. पास म्हणजे पास.

* * *

छप्पर शिवण्याचं काम माझं. ताडपत्री जड पडते, म्हणून गुरूअण्णांनी ओळखीच्या मंडपवाल्याकडून वापरलेला फ्लेक्स आणला. कुणाच्या तरी रिसेप्शनचा होता. नवरा-नवरी आठ फुटी, हात जोडलेले, खाली कानडीत 'आपलं स्वागत आहे'. छापील बाजू आत घ्यायची हे मी खडूने लिहूनही ठेवलं होतं.

एका तळ्याकाठी गुरूअण्णा आणि नितीन छप्पर बांधत होते, मी शेगडीशी. छापील बाजू बाहेर गेली. वर टांगायच्या आधी थोडा वेळ फ्लेक्स गाडीच्या कडेला लटकत राहिला, आणि तेवढ्यात गावातून दोन बायका, तीन म्हातारे आणि नारळ घेतलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. कुणाचं लग्न, मुलगी कुठली, जेवण किती वाजता, अशी चौकशी सुरू झाली.

गुरूअण्णांना खरं सांगवेना. त्यांनी सगळ्यांना कॉफी दिली. नारळवाल्यांनी नितीनला कुंकू लावलं, नारळ हातात दिला आणि कानडीत आशीर्वाद देऊन गेले. नितीनला त्यातलं अक्षर कळलं नाही. अर्थ विचारला तेव्हा गुरूअण्णा म्हणाले, "सुखाने संसार कर म्हणाले. सरी?"

नितीनने तो नारळ घरी नेला. त्याची आई नागपुरात मुली बघत होतीच. पुढच्या महिन्यात त्याचं जमलं. आता तो छपराला फ्लेक्स म्हणू देत नाही.

* * *

एवढं सगळं पास होत गेलं, पण पायरी काही जमेना. व्हॅनचं दार जमिनीपासून गुडघ्याच्याही वर. ती पायरी नसेल तर बाकीचं सगळं तिघांच्या करमणुकीचं, हे आम्हाला कळत होतं.

आधी अॅल्युमिनियमची घडीची शिडी आणली. भक्कम आणि हलकी. अक्काच्या अंगणात नेऊन उघडून दाखवली. अक्काने चष्मा पुसून ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"मला आंबे काढायचे नाहीत," ती म्हणाली.

मग नितीनने एक महिना खपून खुर्ची उचलणारं यंत्र केलं. बटण दाबलं की पट्ट्यांनी बांधलेली खुर्ची अलगद वर जाऊन दारातून आत. तांदळाचं पोतं बसवून चाचणी घेतली. वाटी कोरडी. तो भलताच खूश होता. चाचणीचा व्हिडिओ अक्काला दाखवला. तिने तो शेवटपर्यंत पाहिला आणि फोन परत दिला.

"छान आहे. पोत्याला घेऊन जा."

गुरूअण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये ते तिच्या शेजारीच उभे होते.

नितीनने यंत्र सुटं केलं. मोटार मी शिलाई मशीनला लावून घेतली, झकास चालते.

* * *

मी त्यानंतर दोन-तीन दुपारी अक्काकडे नुसतीच बसायला गेले. घराच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत आणि फुलांसाठी, दूधवाल्यासाठी, मांजरासाठी ती त्या दिवसातून कितीदा तरी चढते-उतरते, एकटी. मी बघत राहिले. एक पाय ठेवते, दुसरा त्याच पायरीवर आणते, मग पुढची. म्हणजे पायरी बुटकी हवी आणि दोन्ही पावलं मावतील इतकी रुंद. आणि उजव्या हाताला खांब. ती आत कॉफी करायला गेली तेव्हा मी टेप काढून तिन्ही पायऱ्या मोजल्या.

त्या मापाचे आम्ही प्लायवुडचे तीन खोके केले, एकात एक बसणारे, डब्यांच्या सेटसारखे. बाहेर काढून ओळीने लावले, माझ्या पट्ट्याने आवळले की ओटा तयार. प्रश्न उरला खांबाचा. लाकडी दांडा हाताला जाड, पाइप गुळगुळीत. शेवटी गुरूअण्णांना भंगार बाजारात मोडीत काढलेल्या सिटी बसचे दांडे सापडले, माणसांच्या हातांनी झिजलेले. त्यातला एक खोक्यांना बसवला.

अक्काला तो तेवढा दाखवला. तिने मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. शाळेत ती आयुष्यभर बसनेच जायची.

"हा चालेल," म्हणाली. पायऱ्यांची तालीम मात्र करणार नाही, गल्लीसमोर तर नाहीच. नदीवर जमलं तर उतरेन, नाहीतर गाडीतूनच बघेन आणि परत येईन.

* * *

कालची गोष्ट. शनिवार, आकाश स्वच्छ, वारा नाही.

चढण्याचा प्रश्न बसवनगुडीच्या फुटपाथनेच सोडवला. तो इतका उंच आहे की व्हॅन चिकटवून लावली, त्यावर सगळ्यात लहान खोका ठेवला आणि अक्का फाटकातून निघून सरळ आत जाऊन बसली. त्या फुटपाथचं कौतुक आजवर कुणी केलं नसेल, नितीनने दोनदा केलं.

नदीकाठी गुरूअण्णांच्या मित्राचं शेत आहे, तिथे पोचलो. पाण्यापासून थोड्या अंतरावर गाडी लावली, खोके काढले, मांडले, आवळले. मी खालच्या खोक्यावर उभी राहिले तर तो एका बाजूने वाळूत रुतायला लागला. दगड लावून पाहिले, तेही रुतले. गुरूअण्णा घामाघूम. अक्का दाराशी बसून शांतपणे नदीकडे बघत होती, आमच्याकडे नाही.

नितीन कॅरिअरवर चढला आणि ती घडीची शिडी घेऊन खाली आला. छपराच्या बांबूंबरोबर ती तशीच वर पडली होती. त्याने ती उघडून वाळूवर आडवी टाकली आणि तिच्यावर खोके मांडले. मी उभी राहिले, उडी मारली. हललं नाही. मग आम्ही फ्लेक्सचं छप्पर बांधलं, छापील बाजू आत, खाली खुर्ची ठेवली आणि बाजूला झालो.

अक्का म्हणाली, "गुरू, कॉफी कर."

नितीनचा चेहरा पडला. कॉफी गाडीतच मागवली म्हणजे उतरायचं नाही असं तिने ठरवलं असणार. गुरूअण्णांनी पेला वाटीत ठेवून भरला, सवयीने बोटभर कमी, आणि दारातून तिच्या हातात दिला.

"भर अजून."

त्यांनी काठोकाठ भरला.

अक्का उठली. डाव्या हातात वाटी-पेला, उजवा हात बसच्या दांड्यावर. एक पाऊल पहिल्या पायरीवर, दुसरं त्याच पायरीवर. गुरूअण्णांचा हात आपोआप पुढे झाला.

"हात खाली."

तो वर्गातला आवाज होता. गुरूअण्णांनी हात खाली घेतला. नितीननेही घेतला, त्याने तर पुढे केलाही नव्हता.

दुसरी पायरी. तिसरी. मग वाळू. खुर्चीपर्यंत ती चालत गेली, बसली, नदीच्या वळणाकडे एकदा पाहिलं आणि पेला उचलला.

वाटी कोरडी होती.