मिक्सर मी भरलाय

अमेरिकेला निघायच्या दिवशी पुण्यात बिबवेवाडीच्या घरात माझ्या दोन बॅगा हॉलभर तोंड उघडून पडल्या होत्या. मी एक बॅग उचलून वजनकाट्यावर उभी होते आणि पायाखालचा आकडा वाचायची धडपड करत होते. तेवीस किलोच्या वर काही चालणार नव्हतं. आई पापड ठेवत होती, मी काढत होते. तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, दारातून म्हणाले, "मिक्सर मी भरलाय. नीट वापर."

माझं डोकंच फिरलं. बघते तर खरंच, बॅगेच्या तळाशी जुन्या चादरीत गुंडाळलेला घरचा मिक्सर. मी तिथेच तोफ सुरू केली. अमेरिकेत एकशेदहा व्होल्ट असतात, आपला दोनशेवीसचा मिक्सर तिकडे नुसता गुरगुरेल, उगाच वजन कशाला. अण्णा काहीतरी सांगणार होते, पण मी कुठली ऐकते.

"अण्णा, मी इंजिनिअर आहे. मला कळतं."

कॉम्प्युटर इंजिनिअर, बरं का. हिंजवडीत इतकी वर्षं काढून एक स्क्रू पिळलेला नाही. आणि हे कुणाला ऐकवत होते, तर ज्या माणसाने आयुष्यभर मोटर वाइंडिंगचं दुकान चालवलं त्याला. "बरं. आपण इंजिनिअर," एवढंच म्हणून ते चहा प्यायला आत गेले. मिक्सर बॅगेत राहिला तो केवळ आईने डोळे वटारले म्हणून.

तुमच्यापैकी जे आत्ता बॅगा भरत असतील त्यांना सांगते, घरची उपकरणं इकडे आणणं म्हणजे विकतचा मनस्ताप. माझी इस्त्री कोमटच्या पुढे जाईना. ड्रायर नुसता उसासे टाकायचा. ज्याने त्याने मला अॅडाप्टर घ्यायला सांगितलं, आणि अॅडाप्टरने फक्त पिन भिंतीत बसते, व्होल्ट तेवढेच राहतात, हे कुणी सांगितलं नाही. सगळ्यात बिनबोभाट काय चाललं, तर ऑफिसचा लॅपटॉप. तो चालणारच मेला.

इकडच्या ब्लेंडरमध्ये सुकं खोबरं टाकलं की ते गोल गोल फिरून होतं तसं परत येतं. अण्णा दर फोनला विचारायचे, मिक्सर चालतो का? मी म्हणायचे, वेळ नाही मिळाला. शेवटी लसणाच्या चटणीच्या आठवणीने वैतागून मी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला, एकशेदहाचे दोनशेवीस करणारा. मिक्सरची आपली तीन गोल पायांची पिन त्यात फट्कन बसली. मला कोण आनंद झाला! बटण फिरवलं. मिक्सर असा किंचाळला की मी मागे सरले, आणि चार-पाच सेकंदांत धूर. वर छताला अलार्म बोंबलतोय, खाली मी टॉवेल हलवतेय.

त्या धुराला जळक्या वार्निशचा वास होता. अण्णांच्या दुकानाचा वास. शाळा सुटली की मी तिथे बसायचे आणि तो वास युनिफॉर्मला चिकटायचा. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता खिडकी उघडायला गेलेला हात मी मागे घेतला.

घरी फोन लावला. ट्रान्सफॉर्मर कसा शोधून आणला ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं आणि मिक्सर कसा बोगस निघाला तेही. मागून आईच बोलली. "अगं, त्यांनी तो एकशेदहावर भरला होता ना तुझ्यासाठी! तीन दिवस बसले होते."

दुकानात मोटर भरणं म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळणं. हा शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले होते. आणि ऐन वेळी 'भरलाय' म्हटल्यावर मला ऐकू आली ती बॅग. हात थरथरतात म्हणून अण्णांनी मी निघायच्या वर्षभर आधी दुकान बंद केलं होतं. त्यानंतर भरलेली ही एकच मोटर, आणि बहुतेक शेवटची. अमेरिकन पिन त्यांना मिळाली नाही म्हणून जुनीच राहिली. मी त्या पिनेवर विश्वास ठेवला, त्यांना मात्र बोलूही दिलं नाही. मला रडू आवरेना.

"दोनशेवीसवर पाच सेकंद तग धरला?" अण्णा म्हणाले. "म्हणजे काम चांगलं झालं होतं."

आता सुट्टीसाठी पुण्याला निघालेय. पुन्हा तीच बॅग, तेच तेवीस किलो. इकडे कुणी विचारलं, घर कुठे, तर पूर्वी मी फटकन पत्ता सांगायचे. आता वाटतं, जिथल्या माणसांचं बोलणं मला अर्धंच ऐकू येतं आणि तरी ती माझ्यासाठी तीन दिवस तार गुंडाळत बसतात, ते घर. काल अण्णांनी फोनवर विचारलं, मिक्सर भरलास का?

"बॅगेत भरलाय," मी म्हटलं. "तार कशी भरतात ते तुम्ही शिकवा. मी भरते."

पलीकडून चहाचा भुरका ऐकू आला.

"बघू," ते म्हणाले. "इंजिनिअर लोकांना जमत नाही ते."