दाबून बघा

भाऊंनी माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं की माझ्या कपाळावर आठी यायची. तो पडदा बोटानं चालणारा नव्हता. तरी ते दाबायचे, पुन्हा दाबायचे आणि काहीच हललं नाही तरी समाधानानं गुजरातीत म्हणायचे, "चालशे!"

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. काम आणणारी, आणि आणलेलं काम बिघडवणारी. सिल्वासातल्या आमच्या छोट्या ऑफिसात वेबसाइट बनतात. पानं मी आखते. गिऱ्हाईक भाऊ आणायचे. मूळचे धुळ्याकडचे, आधी इथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. माझ्या दुप्पट वयाचे, तरी मला "ताई" म्हणायचे.

साइट बांधण्याआधी मी तिचा कच्चा नमुना करते. मुद्दाम राखाडी. रंग नसले की गिऱ्हाईक कामाचं बोलतं. भाऊंना राखाडी सोसायचं नाही.

"कोणाचं सुतक आहे, ताई?"

"भाऊ, हा फक्त लेआउट आहे. ॲक्चुअली कलर्स नंतर..."

"माणूस घाबरून जाईल ना हे पाहून!"

माझं वाक्य इंग्रजीत अडकलेलं असायचं, तोवर ते जिना उतरलेले असायचे. शेवटी मी रंग भरायची. मग मीटिंगमध्ये तासभर एकच चर्चा, गुलाबी की जांभळा. मी आतल्या आत चरफडायची.

दुधनीच्या सविताबेनचं काम त्यांनीच आणलं. जलाशयाजवळच्या घरात तिनं पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या. नवऱ्याची कारखान्यातली नोकरी सुटलेली. घर आता या खोल्यांवरच चालायचं होतं. मी नमुना केला. त्यातलं कुठलंही बटण दाबलं की एकच पान उघडायचं: 'धन्यवाद! शनिवारची तुमची खोली नक्की झाली.'

"हे फक्त सविताबेनना दाखवायचं," मी बजावलं.

"कळतं मला. नमुना आहे."

भाऊंना तो इतका आवडला की त्यांनी दुधनीच्या पत्त्यासकट व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला: 'आपली साइट. दाबून बघा.'

लोकांनी दाबलं.

शनिवारी सविताबेनचा फोन आला. "अगं पोरी, अंगणात गाड्याच गाड्या! मी कुणाकुणाला झोपवू?"

आम्ही धावलो. वापीचा एक गृहस्थ मोबाइल नाचवत होता. "हे बघा, धन्यवाद लिहिलंय! धन्यवाद म्हणजे बुकिंगच ना?"

आता माझं नाव येणार, म्हणून मी खांबाआड सरकले. भाऊ पुढे झाले. "दाबा म्हणून मीच सांगितलं. चूक माझी. चला, माझ्या घरी चला."

अथालच्या त्यांच्या दोन खोल्यांत उरलेली तीन कुटुंबं झोपली. भाऊ आणि वहिनी गच्चीवर. वापीचा गृहस्थ मात्र तणतणत परत गेला आणि नेटवर सविताबेनच्या जागेला एकच तारा देऊन मोकळा झाला. तिच्या घराबद्दल जगानं लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं: 'फसवणूक.' ते मीच तिला वाचून दाखवलं. सविताबेन पदरानं हात पुसत राहिली, मग म्हणाली, "पहिला पाहुणा उपाशी गेला."

आमच्या मालकांनी भाऊंना काढलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आता मी राखाडी पानं दाखवते, गिऱ्हाईकं मुकाट मान हलवतात, आणि ऑफिसात दिवसभर फक्त पंखा ऐकू येतो.

मध्यंतरी सविताबेननं खरी साइट करून मागितली. अट एकच: बटण नको, फोन नंबर हवा. तिनं दिलेला नंबर मी टाकला आणि लागतो का, ते पाहायला फिरवला.

"बोला, दुधनीहून बोलतोय! किती माणसं?"

भाऊंचा आवाज. मागे भांड्यांचा आणि मुलांचा गलका. मी चाचणी करतेय, एवढंच सांगायचं होतं.

"दोन," मी म्हणाले. "मी आणि आई."

"या ना मग! मासे करायला सांगतो."

फोन बंद झाला. कोणत्या दिवशी येणार, हे या माणसानं विचारलंच नाही.